सतरा नंबरची आई

३ फेब्रुवारी, सोमवार

एकोणीस! पाहिजेत वीस आणि आहेत एकोणीस.

मॅडमनी सकाळी आल्या आल्या फळ्यावर आकडा लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. तीस वर्षांपूर्वी आमच्या भाषा विभागाने चाळीस माणसांचं बोलणं टेप करून ठेवलं होतं. आता त्याच माणसांना शोधायचं, तेच प्रश्न विचारायचे, पुन्हा टेप करायचं. मग दोन्ही टेपा शेजारी शेजारी ठेवून मधल्या काळात भाषा कुठे सरकली ते मोजायचं. कल्पना छान आहे. फक्त माणसं थांबत नाहीत. चाळीसपैकी बारा वारली. पाच गाव सोडून गेली. एकाला ऐकू येत नाही. दोघांनी दार उघडलं, आमचं यंत्र बघितलं आणि दार लावलं. एकोणीस झाली. एक राहिलं.

"सतरा नंबर कुठेय?" मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या चाळीस टेपा करणाऱ्यांतला अजून नोकरीत असलेला मी एकटाच. विभागातली सगळ्यात जुनी वस्तू. माझ्यानंतर लोखंडी कपाट.

"वीस झाले नाहीत तर निबंध छापत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही शोधाल ना?"

"शोधतो," म्हटलं.

शोधायचं काय डोंबल! बसने पाऊण तास. तिसरा मजला, डावीकडचं दार. सतरा नंबर म्हणजे दादा. माझा सख्खा थोरला भाऊ.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हे कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं. तेव्हाचे आमचे सर कडक. शनिवारपर्यंत चाळीस टेपा टेबलावर हव्यात म्हणजे हव्यात. सतरावा माणूस ठरलेल्या दिवशी तापाने फणफणला. मी सत्तावीस वर्षांचा, नोकरी नवी. घरी गेलो, स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र ठेवलं आणि दादाला म्हटलं, बोल. नातेवाईक घ्यायचे नाहीत असा नियम होता. आजही आहे. फॉर्मवर एक रकाना आहे—'बोलणाऱ्याशी संबंध'. त्यात मी लिहिलं, 'परिचित'.

खोटं नाही ते. परिचितच आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवीन विद्यार्थ्यांना मॅडमनी काम समजावून सांगितलं. मी मागे बसून तारा गुंडाळत होतो. तीस वर्षांत हे भाषण चार जणांकडून ऐकलंय. मॅडमचं सगळ्यात चांगलं, कारण त्या जेवणावरून सांगतात.

"'आम्ही जेवायला चाललोय' असं कुणी म्हणालं, तर तुम्ही आपापल्या घरी जायचं. 'आपण जेवायला चाललोय' म्हणालं, तर हात धुवायचे. मराठीत हा फरक एका शब्दात होतो. 'आपण' म्हणजे तुला धरून. 'आम्ही' म्हणजे तुला सोडून. जगातल्या कितीतरी भाषांत दोन्हींना एकच शब्द आहे. तिथे माणूस हात धुऊन उभा राहतो आणि मग त्याला कळतं."

पोरं हसली. मग मॅडमनी मुद्द्याला हात घातला. हा फरक आजची तरुण मंडळी पाळतात का? एका मुलीने परवा मैत्रिणीला विचारलं, 'आम्ही उद्या कुठे भेटायचं?' म्हणजे आपणच! असा घोळ वाढत असेल, तर पन्नास वर्षांनी दोन शब्दांचा एक होईल. म्हणून मोजायचं. 'आपण', 'आपला', 'आपली' एका बाजूला. 'आम्ही', 'आमचा', 'आमची' दुसऱ्या बाजूला. दर वेळी समोर कोण बसलंय ते बघायचं. आणि बोलणाऱ्याला आपण काय मोजतोय ते मरेपर्यंत सांगायचं नाही. सांगितलं की माणूस शहाण्यासारखा बोलायला लागतो, आणि मग त्या बोलण्याचा काही उपयोग नसतो.

एका मुलाने हात वर केला. "सर, मला तो फॉर्म नाही भेटला."

फॉर्मला तू भेटलास का, असं विचारणार होतो. मॅडमनी डोळ्यांनी गप्प केलं. नंतर म्हणाल्या, "आपण चूक-बरोबर ठरवत नाही. आपण मोजतो." मला पंचवीस वर्षं हेच सांगण्यात येतंय. मोजतो मी. पण दर वेळी कानात खडा जातो त्याचं काय करायचं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी चष्मा शोधत होतो. सापडला. "भेटला!" असं मोठ्याने म्हणालो. कुणी ऐकलं नाही. मोजलंही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

हिला सांगितलं. (लग्नाला एकतीस वर्षं झाली, तरी बायकोला मी 'ही'च म्हणतो. इथेही. सर्वनामाचा माणूस!)

ही म्हणाली, "मग जा की. भाऊ आहे तो, वाघ नाही."

"सहा वर्षांत नीट बोललो नाही आम्ही."

"कुणी बोलायचं नाही म्हणून ठरवलंय का? का नियम आहे तुमच्यात?"

नियम नाही. भांडणही नाही, तीच तर पंचाईत. भांडण झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. सहा वर्षांपूर्वी आई दादाकडे आजारी होती. मी दौऱ्यावर—लांबच्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या बायकांची बोली टेप करत होतो. दादाने तीनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, आईला बरं नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, येऊन जा. तिसऱ्यांदा नुसतं, "ये रे."

मी म्हटलं, "दोन दिवसांत येतो. चार म्हाताऱ्या राहिल्यात."

हे वाक्य मी म्हणालो. कुणी टेप केलेलं नाही, पण शब्द न् शब्द आठवतं. पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. दादा दारात उभा होता. बाजूला सरकला आणि मला आत येऊ दिलं. त्यानंतर लग्नाकार्यांत दिसतो. "कसं काय?" "बरंय." संपलं. शब्दाने शब्द वाढतो म्हणतात. आमच्यात एकही वाढला नाही.

त्या चार म्हाताऱ्यांच्या टेपा चांगल्या आल्या. अजून वापरतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फोन केला. वहिनींनी उचलला.

"अगंबाई! भावोजी! आज कसा काय फोन? सगळे बरे ना?"

सगळे बरे म्हटलं. ऑफिसचं काम आहे, दादाची एक मुलाखत हवीय, पूर्वी घेतली होती तशीच. "थांबा हं, विचारते," म्हणाल्या. रिसीव्हरवर हात ठेवला. हात नीट बसला नव्हता, पण तिकडचा आवाजच इतका हळू की काही कळलं नाही. माझे कान विभागात सगळ्यात तयार समजले जातात. मग वहिनी म्हणाल्या, "रविवारी या म्हणतात. दहाला."

दादा स्वतः फोनवर आला नाही. नोंद घेतली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जुन्या मुलाखतीचे टाइप केलेले कागद कपाटातून काढले. तेव्हा मीच टाइप केलेत. 'ळ' तुटका आहे, त्यावरून मशीनही ओळखू येतं. सूचना क्रमांक सहा: प्रश्नकर्त्याचं बोलणं उतरवू नये. वेळ वाचतो, कागद वाचतो. त्यामुळे पानभर नुसता दादा. शिवाय आपलाच आवाज ऐकायला कुणाला आवडतो? मी उतरवून घेताना माझा आवाज आला की टेप पुढे पळवतो, अजूनही.

आईबद्दलचे प्रश्न मधोमध आहेत. ही सरांची युक्ती. माणूस यंत्रासमोर आधी कागदी बोलतो. आईचा विषय काढला की सैल होतो, घरचं बोलायला लागतो. तिथलंच बोलणं मोजायचं.

दादाने तेव्हा अकरा वेळा 'आपली आई' म्हटलंय. आपली आई कुणाला ऐकत नाही. आपली आई एकदा रुसली की रेडिओ बंद. अकरा.

एका ठिकाणी मी कंसात टाइप केलंय—(मागे भांड्यांचा आवाज). तो भांड्यांचा आवाज म्हणजे आई. पण तसं लिहायची पद्धत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

झालं. यंत्र नीट चाललं. पंचेचाळीस मिनिटं.

क्रमाने लिहितो. बरोबर दहाला बेल दाबली. वहिनींनी दार उघडलं, चहा टाकला, शेजारी जाऊन येते म्हणून निघून गेल्या. मुद्दाम गेल्या असाव्यात. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत. केस सगळे पांढरे झालेत. बासष्टचा आहे, दिसतो सत्तरचा. मी टेबलावर यंत्र ठेवलं, मायक्रोफोन त्याच्याकडे वळवला, कागद काढले.

"तेच प्रश्न?" त्याने विचारलं.

"तेच."

"बरं."

कागद हातात होता म्हणून निभावलं. नसता तर मी काय बोललो असतो कुणास ठाऊक. मी यंत्र चालू केलं, नंबर आणि तारीख सांगितली आणि छापील प्रश्न छापल्याप्रमाणे वाचले. इकडचा शब्द तिकडे नाही. मॅडम नेहमी म्हणतात, "तुमच्याइतकं कोरडं कुणी वाचत नाही." आमच्या धंद्यात ही तारीफ असते.

शाळा, मित्र, पहिली नोकरी—सरळ गेलं. दादा मोजकं बोलला. आईचा पहिला प्रश्न आला तेव्हा थांबला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग म्हणाला, "आमची आई ना? सांगतो."

आमची आई.

मी पुढचा प्रश्न वाचला. आमची आई. त्याच्या पुढचा वाचला. आमची आई.

माझ्यासमोर बसून! माझ्या तोंडावर! दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मला कळलं, कारण मी आयुष्यभर तेवढंच ऐकत आलोय. तुला सोडून.

चहा प्यायलो. यंत्र बंद केलं. तो म्हणाला, "झालं का काम?" मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, "चांगलं झालं." जिन्यात वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "बोललात ना?" मी म्हटलं, "हो, पंचेचाळीस मिनिटं."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सतरा नंबर उतरवायला घेतला. नेहमीप्रमाणे माझा आवाज आला की पुढे पळवत. अर्ध्यावर सोडला. चार वाजताच घरी आलो. ही म्हणाली, "बरं नाहीये का?" म्हटलं, यंत्र बिघडलंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

यंत्र बिघडलेलं नाही. पुरा उतरवला.

प्रश्न अडतीस—घरात एकमेकांना कुठल्या नावाने हाक मारत. निरुपद्रवी प्रश्न आहे. लोक हसतात, चिडवायची नावं सांगतात. दादाचं उत्तर जसंच्या तसं:

"मला दादा. धाकट्याला बारक्या. आमची आई शेवटी शेवटी मलाच बारक्या म्हणायची. बारक्या आलास का, बारक्या आलास का, सारखं तेच. मी सांगायचो, आई, मी आहे, थोरला. बारक्या येतोय. मग ती तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी म्हटलं, हो, आलोय. मग जेवली. (विराम, सहा सेकंद.) तो नव्हता ना तिथे. मग मीच झालो बारक्या. आठ दिवस. माझं नाव काही तिने परत घेतलं नाही."

म्हणाला 'तो नव्हता'. माझ्याकडे बघत म्हणाला. 'तू' नाही—'तो'.

उतरवताना टेप तीनदा थांबवावी लागली. गाळलेलं काही नाही. खोलीत आकडेवाला होता, आमचे आलेख काढतो तो. त्याने विचारलं, "काका, सर्दी झालीय का?" म्हटलं, हो.

तिथे बसून मी यातलं काहीच ऐकलं नव्हतं, हे मला आज कळलं. मी 'आमची' मोजत होतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मोजणी: 'आमची आई' चौदा. 'आपली आई' शून्य.

फॉर्मवरचा रकाना—'बोलणाऱ्याशी संबंध'. लिहिलं, 'परिचित'. आता तर जास्तच खरं वाटतंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडम आज कधी नव्हे ते धावत आल्या. हातात सतराचे दोन्ही कागद, जुने आणि नवे.

"हा माणूस सोनं आहे सोनं!"

मी म्हटलं, कोण?

"तुमचा सतरा नंबर! बघा ना. तीस वर्षांपूर्वी परक्या माणसासमोर बसून स्वतःच्या आईला 'आपली आई' म्हणतो. अकरा वेळा! म्हणजे याच्या बोलण्यात 'आपली' समोरच्याला सोडूनही चालत होतं. आणि आज? चौदाच्या चौदा 'आमची'! एकही अपवाद नाही!"

मग त्यांनी आकडेवाल्याला समजावलं, पण खरं तर स्वतःलाच सांगत होत्या. माणूस म्हातारपणी नवे शब्द उचलतो, ते ठीक. पण भाषेचा सांगाडा विशीत बसला की बसला, नंतर हलत नाही, असं सगळे धरून चालतात. 'आपण' आणि 'आम्ही' म्हणजे सांगाडा. आणि इथे एका माणसाचा सांगाडा पन्नाशी-साठीत उलटा झालाय! आकडेवाल्याने लगेच आलेख काढला. एकोणीस माणसं सरळ आडवी, जमिनीला टेकून. सतरा नंबर जिन्यासारखा वर.

"याच्यावरच निबंध उभा करायचा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही शोधून काढलात म्हणून. तुमचं नाव घालणार मी, सहलेखक म्हणून."

तीस वर्षांत माझं नाव कुठे छापलं गेलेलं नाही. 'आभार'मध्ये सुद्धा एकदा चुकीचं आलं होतं.

अळीमिळी गुपचिळी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दादाच्या रागाचा आलेख विभागाच्या भिंतीवर लागला आहे. रंगीत.

१ मार्च, शनिवार

हिला सगळं सांगितलं. प्रश्न अडतीससुद्धा. ही बराच वेळ भांडी पुसत राहिली, आधीच कोरडी असलेली.

मग म्हणाली, "तेव्हा जायला हवं होतं तुम्ही."

सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. मी म्हटलं, हो.

"आणि आता त्या बाईंना खरं सांगून टाका. त्या बिचाऱ्या भाषेत काय काय शोधत बसल्यात. तुमच्या घरातलं दुखणं ते!"

"सांगितलं तर विसाचे एकोणीस होतील. निबंध जाईल. तीस वर्षांपूर्वीचा फॉर्मही बाहेर येईल. ऑगस्टमध्ये निवृत्ती आहे माझी."

"मग?"

"मग काय?"

"मग काय, ते तुम्हीच लिहा तुमच्या वहीत." आणि आत गेली.

लिहितोय. मला निबंधाचं इतकं काही वाटत नाही. मला वाटतं ते हे, की दादा मला आईतून वजा करून बसलाय आणि तो बरोबर आहे. चौदा वेळा बरोबर आहे. आणि ते मॅडमना सांगायचं म्हणजे मोठ्याने म्हणायला लागणार. कुणाला कधी म्हटलेलं नाही.

३ मार्च, सोमवार

निबंधाचा कच्चा मसुदा माझ्या टेबलावर. पान चार: "वक्ता क्र. १७ याच्या बोलण्यातील या बदलामागे कोणतेही कौटुंबिक वा सामाजिक कारण आढळत नाही."

दोनदा वाचलं. मग शुद्धलेखन तपासलं. 'कौटुंबिक' बरोबर लिहिलंय.

५ मार्च, बुधवार

सांगितलं. सकाळीच गेलो, दार ओढून घेतलं.

"मॅडम, सतरा नंबर माझा भाऊ आहे."

"भाऊ म्हणजे? चुलत?"

"सख्खा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ती आई—"

"माझीही."

मॅडम हुशार आहेत. मला पुढचं काही बोलावं लागलं नाही. खुर्चीत मागे रेलून त्यांनी स्वतःच उलगडलं. "म्हणजे तेव्हा भावाशी बोलताना 'आपली आई' म्हणाला. ते अगदी बरोबर होतं. त्यात जगावेगळं काही नव्हतंच." मग भिंतीवरच्या आलेखाकडे बघितलं. "अरे देवा. तो जिना."

मी माफी मागितली. फॉर्मचं सांगितलं, ताप आलेल्या माणसाचं सांगितलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या नाहीत. कपाळाला हात लावून बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग आत्ता 'आमची' का म्हणाला? तुमच्यासमोर?"

"रागावलाय माझ्यावर."

"हे कशावरून?"

मग सगळं सांगावं लागलं. दौरा, तीन फोन, चार म्हाताऱ्या, बारक्या. मध्ये एकदा थांबलो. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. शेवटी मी म्हटलं, "त्याने मला बाहेर काढलंय, मॅडम. त्याची भाषा शाबूत आहे. 'आपण' आणि 'आम्ही'तला फरक त्याच्याइतका चोख कुणी पाळत नसेल."

आता या काहीतरी माणसासारखं बोलतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "हे तुमचं अनुमान झालं. पुरावा काय?"

"चौदा वेळा म्हणालाय!"

"म्हणालाय. पण कशाच्या उत्तरात? प्रश्नकर्त्याचं बोलणं उतरवलंय का?"

"सूचना सहा," मी म्हटलं.

"सतरापुरती सूचना सहा रद्द. दोन्ही टेपा. प्रश्नकर्ता शब्द न् शब्द उतरवा." मी दारापर्यंत गेलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "घाई नाही हं. सावकाश ऐका."

आलेख त्यांनी स्वतः उतरवला. टाचण्या मात्र डबीत परत ठेवल्या नाहीत.

६ मार्च, गुरुवार

लोखंडी कपाट आवरलं. फार दिवस राहिलं होतं.

७ मार्च, शुक्रवार

कपाट आवरून झालं. माझा स्वतःचा आवाज ऐकायचा म्हणजे शिक्षा आहे. दहा मिनिटं ऐकलं—शाळा आणि मित्र. असं बोलतो मी? बसस्थानकावर सूचना देतात तसं. आईपर्यंत पोचलो नाही. सोमवारी.

१० मार्च, सोमवार

प्रश्नकर्त्याचं उतरवून झालं.

'तुमची आई'—चौदा. 'आपली आई'—शून्य. दर वेळी आधी मी. "तुमची आई सकाळी किती वाजता उठत असे?" "तुमची आई तुम्हाला कशावरून रागावत असे?" 'तुमची' विचारलं की 'आमची'च येणार, दुसरं काय येईल? आणि 'तुम्ही' एकवीस वेळा. दादाला! जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

मग तीस वर्षांपूर्वीची टेप लावली. कागदावर तेव्हाही 'तुमची आई' असंच छापलेलं आहे. टेपवर मी म्हणतोय, "दादा, आपली आई किती वाजता उठते रे?" तेव्हा मी नियम पाळत नव्हतो.

मॅडमच्या टेबलावर कागद ठेवले आणि तिथूनच फोन लावला. वहिनींनी उचलला. "थांबा हं, विचारते—"

म्हटलं, "विचारू नका, वहिनी. निघालोय मी."